पाणी तोडलं ती तारीख

सतरा फेब्रुवारीला आम्ही पाणी तोडलं.
वहीत तसंच लिहिलंय, माझ्या अक्षरात,
पेन्सिलीनं, कारण शाई घामानं फुटते.
विहिरीत पाणी होतं. मोटार ठणठणीत.
जिजाबरावनं फ्यूज काढला, फडक्यात गुंडाळला
आणि चहाच्या डब्यात ठेवून दिला.

शिंदखेड्याच्या अलीकडे, बुराईच्या कोरड्या पात्राला लागून
आमचे साडेतीन एकर.
मक्याच्या चारशे ओळी, ओळीला पत्र्याची पाटी,
पाटीवर नाव नाही, आकडा.
उत्तम गिरासे रोज बांधावर सायकल थांबवतो:
"इहिरमा पानी से, मंग देतस का बरं नही?
मका मरी ऱ्हायनी, दखस ना?"
दखस, भाऊ.
तेवढ्याचाच पगार आहे मला.

दुपारी एकला पानांची सुरळी होते.
त्यालाही गुण आहेत:
एक म्हणजे सपाट पान, पाच म्हणजे उदबत्ती.
मी डोक्याला रुमाल बांधून ओळीतून चालते
आणि पुटपुटते, पाच, पाच, चार, पाच,
कुणी ऐकलं तर वाटावं, जप चाललाय.

मग तुरा येतो, वेळेवर.
सकाळी धक्का लागला की पिवळी भुकटी उडते,
झुंबरबाईच्या पदरावर, पापण्यांवर,
कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा.
खाली कणीस अजून मूठ आवळून.
एकेका दाण्यासाठी एकेक केस बाहेर यायला हवा,
आणि ते जावळ तहानेल्या झाडात अडकून बसतं.
येतं तेव्हा वर तुऱ्यात काही उरलेलं नसतं.
गरुड मॅडम याला नुसतं 'अंतर' म्हणतात.
वहीत त्याचा रकाना आहे.
ओळ बारा, नऊ दिवस.
ओळ चाळीस, अकरा.
ओळ एक्केचाळीस, जावळ आलंच नाही.
(माझ्या पत्रिकेतही असा एक रकाना होता, ते जाऊ दे.)

दोनशे सतरा मी स्वतः आणली होती
धडगावच्या पुढून, एका पाड्यावरून.
खुमान पावऱ्याच्या चुलीवर आढ्याला टांगलेली कणसं,
धुरानं काळवंडलेली, आत दाणा पांढरा, बारका.
पैसे नको म्हणाला.
वाढलं तर परत आणा,
नाही वाढलं तर येऊन सांगा.

नऊ मार्चला तिचा तुरा.
अकरा मार्चला, सकाळी साडेआठ,
पानाच्या बेचक्यातून ओलसर, फिकट हिरवं जावळ.
चष्मा पुसला. पाटी पुन्हा वाचली.
जिजाबरावला बोलावलं, बोलले मात्र काही नाही.
झाड म्हणाल तर ठेंगणं, कमरेत वाकलेलं,
कुणी विकतही घेणार नाही.
काही कणसांना तिचाच पराग दिला.
आणि एक पिशवीभर पराग
अठ्ठ्याऐंशीच्या चार केसांवर झटकला,
ती उंच, देखणी, सुकाळातली ओळ,
जिला पाचव्या दिवशीच घेरी आली होती.

पंचवीस मार्चला जिजाबरावनं डबा उघडला.
फ्यूजला चहाचा वास.
पाटात पाणी आलं तेव्हा गिरासे तिथंच होता.
"आते?" एवढंच म्हणाला, आणि पायडल मारलं.

अठ्ठ्याऐंशीच्या कणसावर त्रेचाळीस दाणे धरले.
मी तीनदा मोजले, खाकी पाकिटात भरले.
पुढच्या फेब्रुवारीत त्यांचंही पाणी तोडायचं,
आणि त्यांच्या पोरांचं,
आठ-दहा वर्षं तरी, मॅडम म्हणतात,
मग कदाचित एखादी पिशवी दुकानात.

मेअखेर शहाद्याहून धडगावची एसटी धरली.
मांडीवर पिशवी, पिशवीत पांढरी कणसं,
आकड्याची चिठ्ठी मी काढून टाकली होती.
खुमाननं एक दाणा दाढेखाली फोडला,
मान हलवली.
किती दिवस तोडलं पाणी?
छत्तीस, मी म्हणाले, आणि फ्यूजचं सांगितलं,
डब्याचं, चहाचं.
तो हसला, बायकोला पावरीत काही बोलला,
तीही हसली.
मग माझ्याकडे वळून म्हणाला,
आमच्याकडे काढून ठेवायला फ्यूजच नाही, बाई.
आणि कणसं पुन्हा आढ्याला बांधायला
स्टूल शोधू लागला.